जयपूर की म्हैसूर?

सुट्टी जवळ आली की घरोघरी एक वाद रंगतो. जेवणाची ताटं वाढलेली असतात, आणि कुणीतरी विषय काढतं, "यंदा जायचं कुठं?" मग काय, एकाला डोंगर हवा असतो, दुसऱ्याला समुद्र. ताईच्या मैत्रिणीने राजवाड्यासमोर काढलेला फोटो पाठवलेला असतो, म्हणून ताईला राजवाडा हवा असतो. आजी म्हणते, "मला फार चालवू नका म्हणजे झालं." आई विचारते, "किती दिवस?" आणि बाबा विचारतात, "किती पैसे?"

शेवटी ज्याचा आवाज मोठा, त्याचं म्हणणं खरं ठरतं. नाहीतर वाद मिटतच नाही आणि सुट्टी संपून जाते!

या पानावर आपण दर आठवड्याला एखादा हिशेब सोडवतो. आज हाच वाद हिशेबाने सोडवू या. त्यासाठी दोन शहरं घेऊ, जयपूर आणि म्हैसूर. दोन्ही एकेकाळच्या संस्थानांच्या राजधान्या. दोन्हीकडे राजवाडे आहेत, बाजार आहेत, बागा आहेत. आणि मुंबईहून रेल्वेने निघालं तर दोन्ही हजार ते तेराशे किलोमीटरच्या आसपास. एक वर उत्तरेला, एक खाली दक्षिणेला. म्हणजे तराजूच्या दोन पारड्यांत घालायला अगदी छान जोडी, नाही का?

आता तुम्ही म्हणाल, "यात हिशेब कसला? जे स्वस्त तिकडे जायचं!" थांबा. आधी 'स्वस्त' म्हणजे काय ते तरी ठरवू या.

गाडीभाड्याची गंमत

सगळ्यात आधी डोळ्यांसमोर येतं ते गाडीभाडं. मुंबईहून जयपूरला जलद गाडीने साधारण सतरा-अठरा तास लागतात. म्हैसूरला त्याहून काही तास जास्त. भाड्यात मात्र फार मोठा फरक पडत नाही, कारण अंतरं जवळपास सारखी आहेत. शिवाय रेल्वेच्या भाड्यात एक गंमत असते. अंतर वाढत जातं तसा दर किलोमीटरचा भाव कमी कमी होत जातो. त्यामुळे अंतर दुप्पट झालं म्हणून भाडं दुप्पट होत नाही.

अर्थात, सगळेच वाचक काही मुंबईचे नाहीत. सोलापूरकरांना म्हैसूर जवळ पडेल आणि जळगावकरांना जयपूर. तुम्ही आपापल्या गावाहून अंतर मोजायचं. नकाशा आणि पट्टी घेऊन बसलात तरी अंदाज येईल.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा, ती पुढे फार उपयोगी पडणार आहे. साध्या मेल-एक्स्प्रेस गाडीचं भाडं मोसमाप्रमाणे चढत-उतरत नाही. मे महिन्यात जा, नाहीतर डिसेंबरात जा, त्याच गाडीचं तेच भाडं. राजधानी, दुरांतो, शताब्दी यांचं तसं नाही. २०१६ सालापासून या गाड्यांत जागा भरत जातात तसतसं भाडं वर चढतं. सुट्टीतल्या जादा गाड्यांचं भाडंही बहुधा जास्त असतं. आणि विमानाचं तर विचारूच नका. आज एक भाव, उद्या दुसरा!

आता तुमच्या तिकिटाकडे येऊ. पाच वर्षांखालच्या मुलाला वेगळी जागा नको असेल तर रेल्वेत तिकीट लागत नाही. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला झोपायची स्वतंत्र जागा हवी असेल, तर एप्रिल २०१६ पासून पूर्ण भाडं द्यावं लागतं. जागा नको असेल तर अर्धं. बारा पूर्ण झाली की तुम्ही रेल्वेच्या हिशेबात मोठी माणसं! ज्येष्ठ नागरिकांना पूर्वी भाड्यात सवलत मिळायची. ती मार्च २०२० मध्ये थांबवण्यात आली. त्यामुळे आजी-आजोबांच्या तिकिटाचे पैसे धरताना जुन्या आठवणींवर जाऊ नका.

"मग मी अर्ध्या तिकिटात येतो, बाबांच्या शेजारी झोपतो," असं कुणीतरी म्हणेलच. जरूर म्हणा. पण सतरा तासांची गाडी आहे, बरं का! रात्री एका बर्थवर बाबा आणि तुम्ही. सकाळी दोघांचीही मान आखडलेली. वाचलेल्या पैशांची ही किंमत झाली. ती द्यायची की नाही, हे घरात बसून ठरवायचं. फक्त ती किंमत आहे, एवढं विसरायचं नाही.

हवा आणि हवामान

आता दुसरं पारडं. भूगोलाच्या पुस्तकात वाचलेलं आठवतंय का? हवा म्हणजे आज बाहेर जसं आहे तसं. हवामान म्हणजे अनेक वर्षांची सरासरी. साधारण तीस वर्षांच्या नोंदी घेऊन हवामानखातं ही सरासरी काढतं. सहलीला जायच्या दोन महिने आधी 'हवा' कुणालाच सांगता येत नाही. 'हवामान' मात्र सांगता येतं.

जयपूर समुद्रसपाटीपासून साधारण ४३० मीटर उंचीवर आहे. म्हैसूर साधारण ७७० मीटर. उंची वाढली की हवा थंड होते. दर किलोमीटरला सरासरी साडेसहा अंश. आता करा बरं गणित! ७७० मीटर म्हणजे ०.७७ किलोमीटर. त्याला साडेसहाने गुणलं की उत्तर येतं जवळजवळ पाच. म्हणजे केवळ उंचीमुळे म्हैसूरला पाच अंशांची सूट मिळते. दक्षिणेत असूनही तिथं माणसं हाशहुश करत बसत नाहीत, त्याचं एक कारण हे.

जयपूरची गोष्ट निराळी. समुद्र लांब, हवा कोरडी, आकाश बहुतेक वेळ निरभ्र. अशा ठिकाणी जमीन दिवसा भराभर तापते आणि रात्री भराभर निवते. उन्हाळा आणि हिवाळा यांतही मोठी तफावत पडते. मे महिन्यात जयपूरला दुपारचा पारा सरासरीने ४० अंशांच्या आसपास असतो. जानेवारीत पहाटे तोच ८ अंशांवर उतरतो. म्हैसूरला एवढा चढउतार नाही. जानेवारीतली पहाट साधारण १६ अंशांची आणि एप्रिलमधली दुपार साधारण ३४-३५ अंशांची. बस्स!

आता एक कोडं. सांगा पाहू, म्हैसूरला सगळ्यात जास्त उकडतं कधी? तुम्ही म्हणाल, "मे महिन्यात, आपल्यासारखंच." चूक! मार्च-एप्रिलमध्ये. कारण म्हैसूर विषुववृत्ताच्या बऱ्याच जवळ आहे. उत्तरेकडे सरकणारा सूर्य तिथं एप्रिलच्या शेवटच्या आठवड्याच्या सुमारास बरोबर डोक्यावर येतो आणि पुढे निघून जातो. शिवाय एप्रिल-मेमध्ये तिकडे वळवाच्या सरी येतात. त्या आल्या की संध्याकाळी हवा गार होते. जयपूर तर कर्कवृत्ताच्याही उत्तरेला. तिथं सूर्य नेमका डोक्यावर कधीच येत नाही. पण मे-जूनमध्ये तो डोक्याच्या अगदी जवळ असतो, दिवस मोठा असतो, आणि पाऊस यायला जवळजवळ जुलै उजाडतो. म्हणून तिथल्या उन्हाळ्याचा कडाका मे-जूनमध्ये.

म्हणजे पाहा, तुमची मे महिन्याची सुट्टी लागते तेव्हा म्हैसूरचा उन्हाळा उतरणीला लागलेला असतो आणि जयपूरचा भरात आलेला असतो!

डिसेंबरात चित्र उलटं. जयपूरला दुपारी कोवळं ऊन, बावीस-चोवीस अंश. फिरायला मजा येते. रात्री मात्र स्वेटर, कानटोपी, जाड पांघरूण हवंच. आणि हिवाळ्यात तिथला दिवस म्हैसूरच्या दिवसापेक्षा साधारण एका तासाने लहान असतो. उत्तरेत धुकं दाटलं तर गाड्यांनाही उशीर होतो. तेव्हा परतीच्या गाडीला जोडून लगेच दुसरी गाडी ठरवू नका.

स्वस्त खोली कुणाची?

आता आपण मुद्द्यावर येतो. रेल्वेचं साधं भाडं मोसमाने बदलत नाही, हे आपण पाहिलं. पण उतरायच्या खोलीचं भाडं बदलतं! ते कशावर ठरतं? गर्दीवर. आणि गर्दी कशावर ठरते? हवामानावर आणि सुट्टीवर.

जयपूरचा गर्दीचा हंगाम म्हणजे ऑक्टोबर ते मार्च. त्यातही दिवाळी आणि नाताळचा आठवडा म्हणजे कहर. मे महिन्यात तिथली खोली स्वस्त मिळते. का? कारण त्या उन्हात फिरायला माणसं येत नाहीत! म्हैसूरची सगळ्यात मोठी गर्दी दसऱ्याला. तेव्हा तिथं दहा दिवसांचा उत्सव असतो. त्याशिवाय उन्हाळ्याच्या सुट्टीत आणि डिसेंबरातही सहलीच्या गाड्या रांगेने उभ्या असतात.

तेव्हा 'जयपूर स्वस्त' किंवा 'म्हैसूर महाग' हे म्हणणंच अर्धवट आहे. कोणत्या महिन्यात, ते आधी सांगा!

आता वही-पेन्सिल घ्या. एक कुटुंब धरू. आई, बाबा, आजी, अकरा वर्षांचे तुम्ही आणि चार वर्षांचा धाकटा भाऊ. तिकिटं लागणार चार. धाकट्याला लागणार नाही. मुक्काम तीन दिवस आणि तीन रात्री. खालचे आकडे हिशेबाच्या सोयीसाठी धरलेले आहेत. तुम्ही करताना खरे आकडे विचारून घाला.

आधी मे महिना.

जयपूर: जाऊन-येऊन गाडीभाडं ४,८०० रुपये. खोली रोज १,२०० प्रमाणे ३,६००. खाणंपिणं ४,५००. रिक्षा, बस आणि प्रवेशाची तिकिटं ३,०००. एकूण १५,९०० रुपये.

म्हैसूर: गाडीभाडं ५,२००. खोली रोज १,८०० प्रमाणे ५,४००. खाणंपिणं ४,५००. फिरणं आणि तिकिटं ३,०००. एकूण १८,१०० रुपये.

जयपूर २,२०० रुपयांनी स्वस्त! झालं, बाबा म्हणतील, "चला जयपूरला."

पण जरा थांबा. अजून एक रकाना भरायचा राहिलाय. त्याचं नाव 'उपयोगी तास'. म्हणजे दिवसातले असे तास, ज्यांत आजीपासून धाकट्यापर्यंत सगळ्यांना हसतखेळत बाहेर फिरता येईल. मे महिन्यात जयपूरला सकाळी आठ ते अकरा हे तीन तास आणि संध्याकाळी उन्हं कलल्यावर दोन तास. रोजचे पाच धरू. तीन दिवसांचे झाले पंधरा. म्हैसूरला वळवाच्या सरीचा एक तास वजा केला, दुपारची वामकुक्षी वजा केली, तरी रोजचे सात तास हातात राहतील. तीन दिवसांचे एकवीस.

आता भागाकार करा. जयपूर: १५,९०० भागिले १५, म्हणजे तासाला १,०६० रुपये. म्हैसूर: १८,१०० भागिले २१, म्हणजे तासाला साधारण ८६२ रुपये.

अरेच्चा! स्वस्त सहल महाग ठरली की! बाकीचे तास खोलीत पंख्याखाली लोळण्यात जाणार. ते काय, घरीही करता आलं असतं, आणि फुकटात!

आता हाच हिशेब डिसेंबरअखेरचा. गाडीभाडं दोन्हीकडे तेवढंच राहील. खोल्या मात्र चढतील. जयपूरची खोली रोज २,५०० धरली तर एकूण खर्च १९,८०० रुपये. म्हैसूरची २,२०० धरली तर १९,३०० रुपये. उपयोगी तास दोन्हीकडे रोजचे आठ धरू, म्हणजे चोवीस. जयपूर तासाला ८२५ रुपये. म्हैसूर तासाला साधारण ८०४. फरक फक्त वीस-एकवीस रुपयांचा! म्हणजे डिसेंबरात पैशांवरून भांडण्यात अर्थ नाही. तेव्हा ज्याला जे बघायचंय ते बघावं. फक्त जयपूरला जायचं तर घरात सगळ्यांना पुरतील एवढे गरम कपडे आहेत का, ते आधी पाहावं. नसतील तर पाच जणांची खरेदी सहलीच्या खर्चात धरावी. नाहीतर मावशीकडून, काकूकडून मागून आणावेत. त्यात लाज कसली?

ज्याचा हिशेब रुपयांत होत नाही

एक रकाना मात्र असा आहे की तो भागाकाराने सुटत नाही. तो म्हणजे आजीचा आणि धाकट्याचा. कडक उन्हाचा त्रास सगळ्यांनाच होतो, पण म्हाताऱ्या माणसांना आणि अगदी लहान मुलांना तो लवकर होतो. सपाट प्रदेशात पारा ४० अंशांवर आणि नेहमीच्या सरासरीपेक्षा साडेचार अंशांहून वर गेला, की हवामानखातं उष्णतेची लाट जाहीर करतं. अशा दिवशी डोकं दुखणं, चक्कर येणं, मळमळणं, अंग तापणं ही धोक्याची लक्षणं असतात. अशा वेळी ताबडतोब सावलीत नेणं, पाणी देणं, अंग ओल्या फडक्याने पुसणं आणि डॉक्टरांना गाठणं, हे करावंच लागतं. माणूस बडबडायला लागलं किंवा शुद्ध हरपू लागली, तर तोंडात पाणी घालू नका. त्याला तडक दवाखान्यात न्यायचं.

परक्या गावात आजी आजारी पडली तर वाचलेले २,२०० रुपये कुठल्या कुठे जातील. आणि पैशांचं सोडा हो! आजी आधीच म्हणत असते, "तुम्ही जा, मी घरी थांबते." तिला आपल्यामुळे कुणाची अडचण व्हायला नको असते. तुम्ही चुकीचा महिना निवडलात, तर तिचं ते म्हणणं खरं ठरेल. योग्य महिना निवडलात, तर ती तुमच्याबरोबर राजवाडा बघेल. सबंध हिशेबातला सगळ्यात मोठा फरक हा आहे, आणि त्याला रुपयांचं चिन्ह लागत नाही.

जिन्यांचाही विचार करा. आमेरचा किल्ला जयपूरपासून साधारण अकरा किलोमीटरवर, टेकडीवर आहे. आजीला चढ झेपत नसेल तर वर जायला जीप मिळते, तिचे पैसे आधीच धरा. म्हैसूरच्या चामुंडी टेकडीला एक हजार पायऱ्या आहेत. पण वरपर्यंत रस्ताही आहे आणि शहराची बसही जाते. पायऱ्या तुमच्यासाठी, बस आजीसाठी!

खर्च कमी करायच्या खऱ्या युक्त्या

पहिली युक्ती, आरक्षण. नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आरक्षण प्रवासाचा दिवस सोडून ६० दिवस आधी सुरू होतं. त्याआधी ते १२० दिवस होतं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर निघायच्या तारखेपासून साठ दिवस मागे मोजा आणि त्या दिवसावर लाल खूण करा. हे काम तुमचं. घरातली मोठी माणसं हमखास विसरतात!

दुसरी, शाळेचं ओळखपत्र. ते बरोबर असू द्या. पुष्कळ ठिकाणी विद्यार्थ्यांना सवलत मिळते. भारतीय पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत तर पंधरा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश मोफत असतो. म्हैसूरजवळ सोमनाथपूरचं केशव मंदिर आणि श्रीरंगपट्टणचा दर्या दौलत बाग ही अशी दोन ठिकाणं. जयपूरची बहुतेक स्थळं राजस्थान सरकारच्या ताब्यात आहेत. तिथं अनेक स्थळं मिळून एक एकत्रित तिकीट मिळतं. सुटी सुटी तिकिटं काढण्याआधी त्याची चौकशी करा.

तिसरी, शहरातला प्रवास. जयपूरच्या रेल्वे स्टेशनापासून मेट्रोने बडी चौपडला जाता येतं. तिथून हवामहल चालत जाण्याच्या अंतरावर आहे. प्रत्येक वेळी रिक्षाच करायला हवी असं नाही.

चौथी, वार बघून जाणं. म्हैसूरचं प्राणिसंग्रहालय मंगळवारी बंद असतं. आणि म्हैसूरचा राजवाडा रविवारी संध्याकाळी जवळजवळ एक लाख दिव्यांनी उजळतो. म्हणजे तुमच्या मुक्कामात रविवार आला तर उत्तम. वार चुकला तर तेच पैसे खर्चून निम्मीच मजा!

आणि पाचवी युक्ती, तिथल्या लोकांकडे बघणं. जयपूर सवाई जयसिंहांनी १७२७ साली वसवलं. इतकी वर्षं तिथली माणसं त्या उन्हाळ्यात राहतातच ना? जाड भिंती, आतले चौक, झरोके ही सगळी उन्हाला दिलेली उत्तरं आहेत. १७९९ मध्ये बांधलेल्या हवामहलाला ९५३ छोट्या खिडक्या आहेत. त्यांतून वारा खेळता राहतो. म्हणून ज्यांना मे महिन्यातच जयपूरला जावं लागतं, एखादं लग्न असतं, काकांची बदली झालेली असते, त्यांनी तिथल्यासारखंच वागावं. सकाळी लवकर बाहेर पडावं, दुपारी घरात थांबावं, संध्याकाळी पुन्हा निघावं. हवेशी भांडू नये. ती ऐकत नाही!

आईबाबांसाठी दोन शब्द

आईबाबा, पैशांचं बोलणं निघालं की आपण मुलांना बाहेर खेळायला पाठवतो. यंदा तसं करू नका. "आपल्याकडे सहलीसाठी एवढे रुपये आहेत," असं सांगा आणि वही त्यांच्या हाती द्या. अंथरूण पाहून पाय पसरावे, हे मुलांना नुसतं ऐकवून कळत नाही. अंथरूण केवढं आहे, हे एकदा दाखवावं लागतं. ज्या मुलाने स्वतः बेरीज केलीय, ते मूल राजवाड्याबाहेर चौथ्या फुग्यासाठी हट्ट धरत नाही. धरलाच, तर तो फुगा कुठल्या रकान्यातून घ्यायचा, हे तरी स्वतः सांगतं!

आणि बालमित्रांनो, काही घरांत यंदा लांबची सहल जमणार नसेल. कुणाच्या ताईचं लग्न असेल, कुणाच्या शेतात पाण्याची सोय करायची असेल, कुणाच्या घरी आजारपण झालं असेल. हिरमुसू नका. हीच वही एसटीने जाऊन संध्याकाळी परत यायच्या सहलीलाही चालते. पन्हाळा की कोल्हापूर? पैठण की वेरूळ? रकाने तेच. गाडीभाडं, खाणंपिणं, तिकिटं, उपयोगी तास, आणि घरातल्या सगळ्यात थकलेल्या माणसाचा रकाना.

आता या आठवड्याचा गृहपाठ. तुमच्या मनातली दोन गावं निवडा. वहीच्या एका पानावर दोन उभे रकाने आखा. वर गावांची नावं लिहा आणि त्याखाली महिना लिहायला विसरू नका. भाडं रेल्वेच्या नाहीतर एसटीच्या खिडकीवर विचारा. खोलीचं भाडं आईबाबांना फोन करून विचारायला सांगा. उपयोगी तास मात्र तुमचे तुम्ही ठरवा. भागाकार करा आणि पान जेवणाच्या वेळी सगळ्यांसमोर ठेवा.

मग बघा, वाद होईलच. पण या वेळी ज्याचा आवाज मोठा त्याचं नाही, तर ज्याचा हिशेब बरोबर त्याचं चालेल. आणि तो हिशेब तुमचा असेल!